दिवसभर घर जवळजवळ रिकामं आणि पिंजऱ्यात पक्षी: तुम्ही कसं जमवता?

सोनटक्का
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आम्ही डोंबिवलीला राहतो, टू बीएचके, मी आणि नवरा दोघंही मुंबईत नोकरीला, मुलगी दहावीला, मुलगा पाचवीत, आणि सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना दमा आहे. आमच्याकडे एक कॉकटेल आहे, म्हणजे कॉकटिएल, तुऱ्याचा छोटा पोपट, राखाडी, गालावर केशरी टिकली असलेला, नाव गोटू. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नणंदेने मुलांना दिला होता तेव्हा एवढंसं पिल्लू होतं. तेव्हा सगळेच घरी, त्यामुळे हा दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर, जेवायला बसलं तरी ताटाच्या कडेला हजर. आता आम्ही सकाळी आठला बाहेर पडतो ते रात्री आठला घरी, मुलं शाळा क्लास यात, आणि हा हॉलमध्ये पिंजऱ्यात.

संध्याकाळी सहा-सातला जी शिट्टी सुरू होते ती बिल्डिंगखाली ऐकू येते. ते एक वेळ चालवून घेऊ, पण गेल्या महिन्यापासून छातीवरची पिसं उपटायला लागलाय, आतली कातडी दिसते. बघवत नाही हो. नवरा म्हणतो जोडीदार आणू, सासूबाई म्हणतात सोडून द्या बिचाऱ्याला, पुण्य लागेल, आणि मुलगी रडते की कुणालाही द्यायचा नाही. मला पुस्तकी सल्ला नकोय, ज्यांच्या घरी अशीच धावपळ आहे आणि तरी पक्षी नीट आहेत त्यांनी सांगा की नक्की काय करता, किती वाजता करता, कोण करतं.

तांबट
सोनटक्का, आधी काही प्रश्न. डोक्यावरची पिसं आणि तुरा शाबूत आहे का? झोपतो किती वाजता? पिंजरा कुठल्या भिंतीला? खाण्यात काय? पिंजऱ्यात आरसा, घरट्याचं मडकं वगैरे आहे का?

डोक्याचं यासाठी विचारलं की स्वतःची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. डोकं नीट आणि छाती, पंखांखालचा भाग उघडा असेल तर तो स्वतःच उपटतोय. डोकंसुद्धा विरळ झालं असेल तर प्रकरण वेगळं, दुसरा पक्षी टोचतोय किंवा कातडीचा आजार. पिवळ्या-पांढऱ्या ल्युटिनो कॉकटेलला तुऱ्यामागे जन्मतःच टक्कल असतं, त्याला घाबरायचं कारण नाही, पण तुमचा राखाडी आहे.

सोनटक्का
डोकं एकदम छान आहे, तुरा टवटवीत. झोपतो म्हणजे आमच्याबरोबरच, साडेअकरा-बारा, कारण हॉलमध्ये टीव्ही आणि मुलीचा अभ्यास. पिंजरा टीव्हीशेजारी, खिडकीजवळ. खायला दुकानातलं मिक्स, राळे बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया, त्यातलं सूर्यफूल आधी संपवतो. आरसा आहे, त्याच्याशी बोलत बसतो. मडकं नाही.

रानवैद्य
मी पशुवैद्यक आहे, पक्षी बघतो. सगळ्यात आधी एक गोष्ट: पिसं उपटणं म्हणजे "त्याला एकटं वाटतंय" असं धरून थेट उपाय सुरू करू नका. कॉकटेलमध्ये जिआर्डिया नावाचा आतड्यातला परजीवी असेल तरी खाज सुटून उपटतात, नुसतं बी खाऊन अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि कातडी कोरडी होते, माइट्स म्हणजे अंगावरचे बारीक किडे असतात, यकृत बिघडलेलं असतं. शीची तपासणी आणि एकदा अंगभर बघून घेणं हे पहिलं. डोंबिवलीहून तुम्हाला परळ पडेल. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, म्हणजे आपलं बैलघोडा, फार जुनं आहे, तिथे पक्षी घेतात. जवळ कुणी पक्षी बघणारा खासगी डॉक्टर असेल तर आधी फोन करून विचारा, कारण कुत्री-मांजरं बघणारे सगळेच पक्षी बघत नाहीत.

दुसरं, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा आहे ना, त्यावर आठवड्यातून दोनदा सकाळी खायच्या आधी वजन. कॉकटेल साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो. पक्षी आजार लपवतात, कळपात आजारी दिसणारा पहिला शिकार होतो म्हणून शेवटपर्यंत दांडीवर ताठ बसतात, आणि घरातले सगळे घाईत असले की पिसं फुलवून बसलाय हे लक्षातच येत नाही. काटा मात्र सांगतो. नेहमीच्या वजनापेक्षा दहा टक्के कमी झालं की वाट बघायची नाही. पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणं, ही त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची लक्षणं.

आणि साडेअकरा-बारा ही झोपायची वेळ बदला. १० ते १२ तास अंधार आणि शांतता लागते. मला विचाराल तर तुमच्या घरात गोटूला वेळ कमी पडतोय त्याहून जास्त झोप कमी पडतेय.

मेलबर्नकर
मी मूळचा नाशिकचा, गेली काही वर्षं ऑस्ट्रेलियात आहे म्हणून हे लिहितोय. कॉकटेल आणि बजी, म्हणजे बजरीगर, ते छोटे रंगीत पोपट, दोन्ही इथले. मेलबर्न शहरात जंगली कॉकटेल दिसत नाहीत पण आत मिल्ड्युराकडे कोरड्या भागात गेलं की तारांवर ओळीने बसलेले दिसतात, गव्हाच्या शेताकडेला जमिनीवर उतरून गवताचं बी टिपतात. मी तासन् तास बघितलेत. पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमाराला प्रचंड हालचाल, पाण्यावर येणं, चरणं, एकमेकांना हाका, आणि भर दुपारी झाडात गप्प, पिसं साफ करत, डुलक्या काढत.

आता गोटूचा दिवस बघा. दुपारी घर शांत असतं ते त्याला तितकं जड जात नसावं, ती त्याची सुस्तीचीच वेळ. त्याला कळप लागतो तो सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते साडेसात, आणि नेमकी तीच तुमची डब्यांची आणि लोकलची वेळ. संध्याकाळची ती शिट्टी म्हणजे हट्ट किंवा राग नव्हे, अंधार पडायच्या आत सगळे आलेत का याची हाक आहे. रानात दुसरा लगेच उत्तर देतो आणि हा गप्प होतो. तुम्ही घरात असाल आणि दुसऱ्या खोलीतून एक ठरावीक शिट्टी रोज परत दिलीत तर ओरडणं बरंच कमी होतं. मात्र कर्कश ओरडल्यावर धावत जाऊ नका, नाहीतर ओरडलं की माणूस येतं एवढंच तो शिकेल. तो जरा मऊ आवाज काढेल तेव्हा उत्तर द्या.

निवांत_दुपार
मी नर्स आहे, ड्युट्या फिरत्या, नवरा हिंजवडीला, मुलगी तीन वर्षांची, आणि घरात दोन बजी. तुम्ही कोण किती वाजता विचारलंत म्हणून तेवढंच सांगते.

सकाळी मी कणीक मळते तेव्हा पिंजरा ओट्यापासून लांब पण दिसेल असा पॅसेजमध्ये आणलेला असतो. पाण्याची वाटी बदलणं, खालचा पेपर काढणं, कोथिंबीर किंवा मेथीची धुतलेली ओली जुडी वरून लटकवणं, हे सगळं चहाला उकळी येईपर्यंत होतं, आणि मी सतत बोलत असते त्यांच्याशी, काय बोलते ते महत्त्वाचं नाही. पेपर काढताना शीकडे बघायचं, रंग पातळपणा रोजच्यासारखा आहे ना. संध्याकाळी जो आधी घरी पोचेल त्याने हातपाय धुवून पहिली वीस मिनिटं पक्ष्यांना, मोबाईल बाजूला ठेवून. टीव्ही त्यानंतर, स्वयंपाक त्यानंतर. आठला झाकायचं. बस. रविवारी पिंजरा धुणं, दांड्या घासणं, ते नवऱ्याकडे.

आम्ही आधी "जमेल तेव्हा" करायचो तेव्हा कधी दोन तास आणि कधी दोन दिवस काहीच नाही असं व्हायचं आणि पक्षी चिडचिडे, चावायचे. ठरलेल्या वेळेला थोडंसं, पण रोज, याने ते शांत झाले. माझ्या ड्युट्या फिरतात पण त्यांचं घड्याळ फिरू द्यायचं नाही, एवढं आम्ही पाळतो.

शेवगा
खाण्यावर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं म्हणून लिहितो. नुसतं बी, त्यातही सूर्यफूल निवडून खाणं, म्हणजे चरबी भरपूर आणि बाकी सगळं कमी. पण अचानक बंद करू नका, कॉकटेल हट्टी असतो, ओळखीचं नसेल तर उपाशी बसेल पण तोंड लावणार नाही आणि एवढ्याशा जीवाला उपास झेपत नाही. सूर्यफूल वाटीतून काढून हातातून द्यायचं बक्षीस करा. वाटीत राळे, थोडी बाजरी. त्यात किसलेलं गाजर, मोड आलेले मूग, कोवळ्या मक्याचे दाणे, शेवग्याचा पाला, लाल भोपळा उकडून, असं सकाळी द्या कारण सकाळी भूक कडकडीत असते, दोन-तीन तासांनी काढून टाका. पालक कधीतरीच. समुद्रफेस म्हणजे ते कटलबोन, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, ते कायम लावलेलं असू द्या.

अजिबात नाही: अवोकाडो, चॉकलेट, चहा कॉफी, कांदा लसूण, खारवलेलं काहीही, सफरचंदाच्या बिया. आणि आपल्या ताटातलं फोडणीचं, मीठ घातलेलं नाही, कितीही प्रेमाने मागू दे.

पावसाळ्यात खास काळजी. राळे सादळले, वास आला तर सरळ फेकायचे, बुरशीने पक्ष्यांची फुप्फुसं जातात. मी महिन्याचं एकदम आणत नाही आणि आणलेलं हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवतो. मोड आलेल्या मुगालाही आंबट वास आला की गेले ते.

आता वेळेच्या प्रश्नाचं माझं उत्तर, खाणं वाटीत देऊच नका, निदान सगळं नको. रानात त्याचा अर्धा दिवस खाणं शोधण्यात जातो आणि आपण ते वाटीभर समोर ठेवतो, दहा मिनिटांत पोट भरतं आणि उरलेल्या वेळात चोचीला काम काय, तर स्वतःची पिसं. करवंटीला भोक पाडून दोरीने टांगा, आत थोडे राळे आणि वर कागदाचे बोळे. मक्याची सालं तशीच खोचून ठेवा. अंड्यांचा कागदी ट्रे कापून त्यात दाणे. छापील नसलेला कागद फाडायला द्या, त्यांना फाडायला फार आवडतं. सुतळीचे लांब धागे सोडू नका, पायात अडकतात. माझा मुलगा रात्री जेवण झालं की दुसऱ्या दिवशीची करवंटी भरून ठेवतो, सकाळी फक्त अडकवायची.

आणि पिंजऱ्यातल्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढा, पायाला घट्टे पडतात. पेरूची फांदी धुवून वाळवून लावा, एक जाड एक बारीक, सोलत बसेल तोही टाइमपास.

पेठकर
मी उलट बाजू मांडतो. एवढं सगळं करून शेवटी माणूस म्हणजे पक्षी नव्हे. मान खाजवणं, चोचीत चोच घालणं, रात्री अंगाला अंग लावून बसणं हे आपण देऊ शकत नाही. आमच्याकडे एक बजी होता तेव्हा गप्प असायचा, दुसरा आणल्यावर जे सुरू झालं की बस. आम्ही दोघंही दिवसभर दुकानात असतो आणि ते दोघं आपापलं मजेत असतात. कळपातला प्राणी एकटा ठेवणं मला तरी पटत नाही. नवऱ्याचं ऐका, जोडीदार आणा.

तांबट
पेठकर, बजीच्या बाबतीत १०० टक्के मान्य, बजी घ्यायचेच तर दोन घ्यावेत. पण सोनटक्कांचा गोटू माणसाच्या हातावर वाढलाय, तो कदाचित स्वतःला तुमच्यातलाच समजतो. दुसरा आणला आणि पटलं नाही तर दोन पिंजरे, दोन वेळा साफसफाई, दोघांना वेगवेगळं बाहेर काढणं, म्हणजे आधीच नाहीये तो वेळ दुप्पट लागणार. पटलं आणि मादी निघाली तर अंडी. एकामागून एक अंडी घालत राहिली तर अंगातलं कॅल्शियम संपतं, अंडं अडकून मादी दगावते, हे मी जवळून बघितलंय. आणि नवा पक्षी थेट शेजारी ठेवता येत नाही, महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवून तपासून घ्यायचा. टू बीएचकेमध्ये दहावीच्या मुलीच्या वर्षात वेगळी खोली कुठून आणणार?

माझं म्हणणं, आधी झोप, खाणं, डॉक्टर, रोजची वेळ. पिसं परत येऊ द्या. मग वर्षभराने डोकं शांत असताना जोडीदाराचा विचार करा, तोही नर, आणि पिंजरा आत्ताच्या दुप्पट रुंद घेऊन. उंच नको, रुंद. कॉकटेल आडवा उडतो, वर नाही.

आरसा मात्र आजच काढा. तो आरशातल्याला जोडीदार समजतो, त्याला भरवायला जातो आणि तो काही उत्तर देत नाही. नर त्यापायी फार चिडतात.

पेठकर
वेगळी खोली आणि दहावी हा मुद्दा बरोबर आहे, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी "कधीतरी" म्हणून कायमचं पुढे ढकलू नका एवढंच म्हणेन. कॉकटेल १५-२० वर्षं जगतो. एवढी वर्षं रोज संध्याकाळी एकटा, हे मला बरोबर वाटत नाही.

विरारची_आज्जी
सगळं वाचलं. एक बोलू का, कुणाला वाईट वाटायला नको. घरात एक वयस्कर बाई दिवसभर असते म्हणजे पक्ष्याचं ती बघेल असं सगळेच धरून चालतात. तिला कुणी विचारत नाही. सोनटक्का, तुझ्या सासूबाई "सोडून द्या" म्हणतात त्यात दुष्टपणा नसेल गं, दिवसभर ती शिट्टी त्याच ऐकतात आणि दमाही त्यांनाच आहे. आमच्याकडे नातवाने बजी आणले आणि तीन महिन्यांत ट्रे धुवायला मीच. मग मी मुलाला सरळ सांगितलं, मला त्यांच्याशी बोलायला आवडतं, दाणे टाकायलाही आवडतात, पण घाण काढणार नाही, वाकवत नाही मला. तेव्हापासून फ्रिजवर कागद लावलाय, कुठलं काम कुणाचं ते नावानिशी लिहिलेलं, आणि ते लहान पोरगंसुद्धा पाळतं.

आणि बाळा, पाचवीतला मुलगा पाणी बदलू शकतो, वजन लिहून ठेवू शकतो. दहावीच्या मुलीला वर्षभर सोड, पण ती वाचायला बसते तिथे पिंजरा ठेव संध्याकाळी. तिला काही करायचं नाही, फक्त असायचं आहे. मोठ्याने पाठांतर केलं तर दोघांचं भलं.

रानवैद्य
आज्जींनी पाठांतराचं सांगितलं ते अगदी मनापासून पटलं. पक्ष्याला सगळं लक्ष अंगावर बसून, हातावर घेऊनच द्यावं लागतं असं नाही. त्याच्या नजरेच्या टप्प्यात घरातली माणसं आपापलं काम करताहेत यातही त्याचा कळप पुरा होतो.

"सोडून द्या" बद्दल. पिंजऱ्यात जन्मलेला कॉकटेल डोंबिवलीत सोडला तर त्याला खाणं शोधता येत नाही, पाणी माहीत नाही, आणि कावळे तासाभरात घेरतात. ते पुण्य नाही, हे सासूबाईंना प्रेमाने सांगा.

दम्याबद्दल मात्र गंभीरपणे घ्या. कॉकटेलच्या अंगातून पांढरी पावडर सतत पडते, काळ्या कपड्यावर हात फिरवला की दिसते. दमा असलेल्या माणसाला त्याने त्रास वाढतो. वर्षानुवर्षं ही धूळ आणि वाळलेली शी श्वासात जाऊन काहींच्या फुप्फुसांना वेगळी सूज येते, तिला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात, आणि सिटॅकोसिस नावाचा जंतुसंसर्गही पक्ष्यांकडून माणसाला होतो. सासूबाईंच्या डॉक्टरांना "घरात पक्षी आहे" हे आवर्जून सांगा. पिंजरा त्यांच्या झोपायच्या खोलीत कधीच नको, कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, पेपर रोज बदला, आणि गोटूला रोज सकाळी साध्या पाण्याचा बारीक फवारा द्या, धूळही बसते आणि त्याची कातडीही सुधारते. हे करूनही त्यांचा त्रास वाढतच राहिला तर गोटूसाठी दुसरं चांगलं घर बघणं हाच मार्ग. तसं करणं म्हणजे त्याला टाकून देणं नव्हे.

गावाकडचा
धाग्याशी संबंधित म्हणून विचारतो, आमच्या वडिलांकडे साताऱ्याजवळ गावी ओसरीवर हिरवा राघू आहे, बरीच वर्षं. वडील एकटे, शेतावर जातात, तो दिवसभर पिंजऱ्यात. त्याला शहरात माझ्याकडे आणावा का?

रानवैद्य
आणू नका. आपले देशी पोपट, राघू असो, मोठा पहाडी असो की लाल डोक्याचा तोता, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे घरात ठेवता येत नाहीत. मुनियासुद्धा नाही. मुनिया तर दुकानात रंग लावून विकतात. वनविभागाची हेल्पलाइन आहे १९२६, तिथे फोन करा. स्वतः उडवून देऊ नका, इतकी वर्षं पिंजऱ्यात असलेल्या पोपटाच्या पंखात ताकद उरलेली नसते, तो आधी सावरावा लागतो. वडिलांना जड जाईल हे समजतं, त्यांच्याशी निवांत बोला.

इतरांसाठी: कॉकटेल, बजी आणि पीच-फेस लव्हबर्ड हे साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत नाहीत. पण आफ्रिकन ग्रे, मकाव, कोनूर वगैरे आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पाळणाऱ्यांना सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. घेताना कागद मागा.

सोनटक्का
सगळ्यांचे खूप आभार. थोडं सांगते. परळला जाऊन आलो, शीच्या तपासणीत जिआर्डिया निघाला, औषध चालू आहे. आरसा काढला, दोन दिवस शोधत होता, मग विसरला. पिंजरा टीव्हीपासून हलवून मुलीच्या टेबलाजवळ आणलाय, रात्री साडेआठला आमच्या बेडरूममधल्या छोट्या पिंजऱ्यात झोपायला जातो. सासूबाईंशी बोलले, आज्जी तुमचं अगदी खरं निघालं, त्या म्हणाल्या शिट्टीचं काही नाही, पण धूळ साफ करताना छाती भरते आणि कुणी विचारत नाही म्हणून बोलले नाही. आता ते काम नवऱ्याकडे. त्या फक्त दुपारी आकाशवाणी लावून त्याच्याशी गप्पा मारतात. नवी पिसं अजून नाहीत पण उपटणं कमी दिसतंय.

एक शंका: रात्री अचानक पंख फडफडवून पिंजऱ्यात आपटतो, ते कशाने?

तांबट
अंधारात घाबरतो. कॉकटेलमध्ये हे फार दिसतं, गाडीचा उजेड, पाल, एखादा आवाज पुरतो. पूर्ण काळोख करू नका, झिरोचा दिवा ठेवा आणि कापडाची एक बाजू उघडी. फडफडला की दिवा लावून हळू आवाजात बोलायचं, हात घालायचा नाही.

निवांत_दुपार
एक राहिलंच, आणि हे घाईच्या घरातच होतं म्हणून मोठ्या अक्षरात वाचा. पिंजरा उघडायच्या आधी पंखा बंद, खिडक्या-दारं बंद, गॅस बंद, बादल्यांवर झाकण. एक जण उघडतो आणि दुसऱ्याला माहीत नसतं, तो ऑफिसच्या घाईत दार उघडून बाहेर पडतो. आमच्याकडे पक्षी बाहेर असताना दाराच्या कडीला लाल फडकं बांधतो.

दुसरं नॉनस्टिक. तवा रिकामा तापत राहिला की त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला कळतही नाही पण पक्षी काही मिनिटांत मरतो. डोसे करताना फोन आला आणि तवा गॅसवर राहिला, एवढंच पुरतं. पक्षी असलेल्या घरात लोखंडी तवा, बिडाचं भांडं. सँडविच मेकर, एअर फ्रायरलाही बहुतेक तोच लेप असतो. मच्छर कॉइल, झुरळाचा स्प्रे, धूप, कापूर, रूम फ्रेशनर त्याच्या खोलीत नको. पूजा देवघरात करा, पिंजरा लांब ठेवा आणि खिडकी उघडी.

सोनटक्का
लोखंडी तवा बाहेर काढलाच आता. शेवटचा प्रश्न. गणपतीला आम्ही पाच दिवस देवगडला जातो, सगळेच. त्याला न्यायचं की ठेवायचं? शेजारच्या काकू तयार आहेत.

शेवगा
ठेवा. गर्दीचा प्रवास, तिकडे आरत्या, धूर, पाहुण्यांची पोरं, उघडी दारं. न्यायचा असेल तर शांत सुट्टीत न्या.

पेठकर
ठेवा, पण पक्ष्याला काकूंकडे नेऊ नका, काकूंना तुमच्याकडे येऊ दे. जागा बदलली की खाणं सोडतात काही जण. किल्ली द्या, दिवसातून दोनदा, सकाळी आणि दिवे लागायच्या आधी. आणि त्याआधी एखाद्या शनिवार-रविवारी तुम्ही कल्याणला कुणाकडे जाऊन या, काकूंना एकटीने करू द्या. खाल्लं का, वजन टिकलं का ते बघा. औषधाचा कोर्स त्याआधी संपलेला असावा.

मेलबर्नकर
तुमची ती ठरलेली शिट्टी काकूंना आत्तापासून शिकवा. दारातून आत येतानाच द्यायची.

विरारची_आज्जी
आणि काकूंच्या हातात नुसती वाटी देऊ नकोस. कागदावर लिही: दाणे किती चमचे, पाणी दोनदा, पंखा लावायचा नाही, पिंजरा उघडायचा नाही, मेथी धुवून, डॉक्टरांचा नंबर, आणि कसा दिसला तर लगेच फोन करायचा ते. खाली तुझा आणि नवऱ्याचा, दोघांचेही नंबर. देवगडला रेंज जाते मधे मधे, म्हणून तिसरा कुणाचा तरी डोंबिवलीतलाच दे, जो रिक्षा करून दवाखान्यात नेईल.